कुष्ठरोगातली आजारी पेशी मुळात कोणाची?

कुष्ठरोगाचा संशय असलेल्या माणसाच्या कानाची पाळी चिमटीत घट्ट धरतात. रक्त सरून ती पांढुरकी पडली की धारदार पात्याने साधारण ५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर खोल छेद घेतात, पातं आडवं फिरवून छेदाच्या कडेचा ओलसर द्रव खरवडतात आणि काचपट्टीवर पसरतात. मग कार्बोल फुक्सिनचा लाल रंग, त्यावर आम्लाने धुणं, आणि शेवटी मिथिलीन ब्लूचा निळा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली निळसर पार्श्वभूमीवर लालभडक बारीक काड्या दिसतात. काही सुट्या, काही जोडीने, आणि आजार पसरलेला असेल तर गठ्ठेच्या गठ्ठे. हे कुष्ठरोगाचे जिवाणू, मायकोबॅक्टेरियम लेप्री.

त्याच माणसाच्या त्वचेचा लहानसा तुकडा काढून त्याचे पातळ काप पाहिले, तर नजर काड्यांवर थांबत नाही. ज्यांच्या पोटात त्या काड्या आहेत, त्या पेशींवर थांबते. मोठ्या, फुगलेल्या, केंद्रक एका कडेला सरकलेलं आणि बाकी सगळी जागा बुडबुड्यांनी भरलेली. यांना फेसाळ पेशी किंवा लेप्रा पेशी म्हणतात. चेहऱ्यावरच्या गाठी, जाड झालेल्या कानाच्या पाळ्या, कपाळावरची सुजल्यासारखी कातडी, या सगळ्यांखाली याच पेशींचे थर असतात.

ही पेशी येते कुठून? जिवाणू ती घडवतो, की ती आधीपासून शरीरात असते? कातडीतलीच एखादी पेशी बिघडून अशी होते, की ती रक्तातून येते? या प्रश्नावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालला आणि त्याचा एक भाग अजूनही मिटलेला नाही. प्रयोगशाळेबाहेरच्या माणसानेही तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कुष्ठरोगाचा जिवाणू अंग खातो, मांस सडवतो ही समजूत अजून गेलेली नाही आणि त्या समजुतीपायी पिढ्यान्‌पिढ्या माणसं घराबाहेर काढली गेली. प्रत्यक्षात हा जिवाणू ऊती वितळवणारं कुठलंही विष सोडत नाही. तो अतिशय संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. आतड्यातले साधे जिवाणू तेच काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकतात. या आजारात दिसणारं जवळजवळ सगळं नुकसान आपल्याच पेशींच्या हातून, आपल्याच पेशींच्या बदललेल्या वागण्यातून होतं.

बर्गेनमधला वाद

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर कुष्ठरोगाचं प्रमाण मोठं होतं आणि बर्गेन हे शहर या आजाराच्या अभ्यासाचं जगातलं मुख्य ठिकाण बनलं होतं. १८४७ मध्ये तिथल्या डॅनिएल डॅनिएलसन आणि कार्ल विल्हेल्म बोएक यांनी या आजारावरचा पहिला नीट शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. डॅनिएलसन यांना आजार आनुवंशिक वाटत होता. आजार पेशींपासून सुरू होतो हा विचार रुजवणारे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो हेही १८५९ मध्ये नॉर्वेत येऊन गेले. कुष्ठरोगाच्या गाठींमधल्या मोठ्या, पोकळ्यांनी भरलेल्या पेशींचं वर्णन त्यांनी केलं, म्हणून आजही पॅथॉलॉजिस्ट त्यांना विर्चो पेशी म्हणतात. विर्चो यांनी या गाठी अर्बुदांच्या, म्हणजे ट्यूमरच्या, मोठ्या वर्गीकरणात, क्षयाच्या आणि उपदंशाच्या गाठींशेजारी बसवल्या. त्यांच्या दृष्टीने ही संयोजी ऊतीतली, म्हणजे कातडीला आधार देणाऱ्या जाळ्यातलीच पेशी होती आणि ती वाढून-बिघडून अशी झाली होती.

१८७३ मध्ये डॅनिएलसन यांचे जावई गेऱ्हार्ड आर्माउर हॅन्सन यांना गाठींमधल्या द्रवात काड्यांसारखे जिवाणू दिसले. माणसाच्या दीर्घकालीन आजाराशी एखादा जिवाणू जोडला जाण्याची ही अगदी सुरुवातीची घटना. त्यांच्याकडून नमुने घेऊन आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये जिवाणूंना नीट रंगवून दाखवलं. त्याच वर्षी हॅन्सन यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीशिवाय रोगट द्रव टोचला. १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातल्या पदावरून दूर केलं. शोध कितीही मोठा असला तरी ही गोष्ट त्याच्यासोबत सांगितलीच पाहिजे.

जिवाणू सापडल्यावर वाद मिटायला हवा होता, पण तो उलट पेटला. जिवाणू आहेत हे मान्य, पण ते नेमके कुठे आहेत? नायसर आणि त्यांच्या बाजूचे म्हणत, पेशीच्या आत. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना म्हणत, छे, ती पेशीच नाही. लसिकेच्या, म्हणजे ऊतींमधून वाहणाऱ्या द्रवाच्या, पोकळीत जिवाणू स्वतःच्याच चिकट द्रवात गोळा होऊन बसलेत आणि तुम्ही त्या गोळ्याला पेशी समजताय. त्या काळचे काप आणि रंग पाहता उना यांची शंका वेडगळ नव्हती. जिवाणूंचे गोळे इतके मोठे असतात की त्यांच्याभोवतीची पेशीची कड शोधावी लागते. हा प्रश्न खऱ्या अर्थाने निकालात निघाला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. त्यात स्पष्ट दिसलं की जिवाणू पेशीच्या आत, पटलाने वेढलेल्या पिशवीत आहेत आणि प्रत्येक जिवाणूभोवती एक फिकट, पारदर्शक वलय आहे. ते वलय मेदाचं होतं.

अस्थिमज्जेतून कातडीपर्यंत

दरम्यान दुसऱ्या दिशेने एक मोठी गोष्ट घडली होती. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये ताऱ्याच्या आकाराच्या समुद्री जीवाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिलं, तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या. बाहेरून आलेलं काहीही गिळणाऱ्या या पेशींना त्यांनी भक्षक पेशी म्हटलं. त्यातल्या आकाराने मोठ्या त्या मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी. फेसाळ पेशी ही बिघडलेली संयोजी पेशी नसून भक्षक पेशी असावी, हा विचार इथून बळावला.

पण मग महाभक्षक पेशी तरी येते कुठून? विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लुडविग आशॉफ यांची मांडणी गाजली. शरीरात रंगद्रव्य टोचल्यावर ते शोषून घेणाऱ्या सगळ्या पेशी त्यांनी एका कुटुंबात घातल्या. त्यात यकृतातल्या, प्लीहेतल्या, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या आणि कातडीतल्या पेशी होत्या. या पेशी आपापल्या जागीच जन्मतात, असं बहुतेकांना वाटत होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी राल्फ व्हॅन फर्थ आणि झॅनव्हिल कोन यांनी विभाजित होणाऱ्या पेशींच्या डीएनएवर किरणोत्सर्गी खूण करून त्यांचा माग काढला. खूण प्रथम अस्थिमज्जेत दिसली, मग रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत आणि नंतर ऊतीतल्या महाभक्षक पेशींत. म्हणजे प्रवास असा: हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत जन्म, एक-दोन दिवस रक्तात फिरणं, मग रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून ऊतीत उतरणं आणि तिथे मोठं होणं.

हे चित्रही आता पुरतं खरं मानलं जात नाही. गेल्या दीड दशकात कळलं की ऊतीत कायम वस्तीला असलेल्या काही महाभक्षक पेशी गर्भावस्थेतच, अस्थिमज्जा तयार होण्याच्या आधी, आपल्या जागी पोचलेल्या असतात. मेंदूतल्या आणि बाह्यत्वचेतल्या पेशी तशा आहेत. त्यामुळे आज प्रश्न थोडा बदलून विचारला जातो: कुष्ठरोगाच्या गाठीत जुन्या रहिवासी पेशी किती आणि रक्तातून ताज्या आलेल्या किती? गाठीत पेशींची सततची भर पडते ती रक्तातल्या मोनोसाइटमधून, याकडे बहुतेक पुरावा झुकतो. फेसाळ पेशी अर्बुदासारखी बेलगाम वाढत नाही. एक भरते, दुसरी बोलावली जाते, तीही भरते.

एक अपवाद सांगण्यासारखा आहे. १९६३ मध्ये एच. डब्ल्यू. वेड यांनी कुष्ठरोगाचा एक वेगळा प्रकार वर्णिला, त्याला हिस्टॉइड म्हणतात. त्यात गाठी कातडीवर गुळगुळीत, चमकदार, घुमटासारख्या उठतात. आतल्या पेशी फेसाळ नसतात. त्या लांबट, चातीच्या आकाराच्या, भोवऱ्यासारख्या मांडणीत बसलेल्या असतात. पाहताक्षणी ते तंतुपेशींचं अर्बुद वाटतं. रंगवल्यावर मात्र प्रत्येक पेशी जिवाणूंनी खच्चून भरलेली दिसते. मूळ तेच महाभक्षक पेशीचं, चेहरा दुसरा. आकारावरून कूळ ठरवण्यात जुन्या पॅथॉलॉजिस्टांची गफलत का व्हायची, ते यावरून कळतं.

फेस कशाचा?

विर्चो यांना दिसलेल्या पोकळ्या रिकाम्या नव्हत्या. काप तयार करताना वापरलेल्या द्रावणांत मेद विरघळून गेला होता आणि मागे खळगे उरले होते. हा मेद कोणाचा, हा पुढचा प्रश्न. बराच काळ वाटायचं की तो जिवाणूचा. ते काही अंशी खरंही आहे, कारण या जिवाणूचं कवच मेणचट मेदांनी बनलेलं असतं. पण आता माहीत आहे की फेसातला मोठा वाटा पेशीच्या स्वतःच्या मेदाचा असतो. त्यात कोलेस्टेरॉल असतं आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन बदललेले फॉस्फोलिपिड नावाचे मेदही.

जिवाणू पेशीत शिरतो तोच मुळी शांतपणे. रक्तातली पूरक प्रथिनं त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि महाभक्षक पेशी ती खूण ओळखून त्याला गिळते. गिळल्यावर खरं तर पिशवीत आम्ल आणि विकरं ओतली जायला हवीत. इथे ती प्रक्रिया अर्धवट राहते. जिवाणूच्या पृष्ठभागावरचा फेनॉलिक ग्लायकोलिपिड-१ हा मेद जवळजवळ फक्त याच्याचकडे सापडतो, आणि पेशीची प्रतिक्रिया मंदावण्यात त्याचा हात आहे. त्याचबरोबर पेशी बाहेरून कोलेस्टेरॉल आत ओढू लागते, स्वतःही मेद तयार करू लागते, आणि मेदाचे थेंब जिवाणूच्या पिशवीभोवती जमतात. या थेंबांमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं, जे आसपासच्या रोगप्रतिकारक पेशींना थंड करतं. म्हणजे फेस हा नुसता कचरा नाही. जिवाणूला त्यात अन्न मिळतं आणि आसराही.

पेशीवर इतकं अवलंबून राहण्यामागचं कारण जिवाणूच्या जनुकसंचात लिहिलेलं आहे. २००१ मध्ये स्ट्युअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचला. त्यात सुमारे ३२.७ लाख अक्षरं आहेत. क्षयाच्या जिवाणूत ४४ लाख. फरक लांबीपेक्षा आतल्या पडझडीत जास्त आहे: क्षयाच्या जिवाणूत जवळपास ४,००० जनुकं चालू आहेत, याच्यात जेमतेम १,६००, आणि १,१०० च्या आसपास जनुकं मोडून निकामी झालेली. ज्याला रोज दुसऱ्याच्या घरी आयतं ताट मिळतं, तो हळूहळू स्वतःची चूल मोडून टाकतो, तसंच याचं झालं आहे. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या कुठल्याही खाद्यमाध्यमावर तो आजवर वाढलेला नाही. १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला आणि १९७१ मध्ये वाल्डेमार किर्खहाइमर आणि एलिनॉर स्टॉर्स यांनी नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोत. आर्माडिलोच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा कमी असतं आणि या जिवाणूला थंडावा मानवतो. माणसातही तो कानाच्या पाळ्या, नाक, हातपाय आणि कातडीजवळच्या नसा अशा थंड जागाच धरतो.

एकच पेशी, दोन वाटा

आता या विषयातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. जिवाणूंची जात एकच. जगभरातल्या वाणांमध्ये फरकही फार थोडा. तरीही एका माणसाला एक-दोन फिकट, बधिर चट्टे येतात आणि त्यात शोधूनही जिवाणू सापडत नाहीत, तर दुसऱ्याच्या सगळ्या अंगावर गाठी उठतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या एकेका दृश्यात हजाराहून जास्त जिवाणू मोजता येतात. १९६६ मध्ये डी. एस. रिडले आणि डब्ल्यू. एच. जॉपलिंग यांनी या दोन टोकांमधल्या पायऱ्यांची जी वर्गवारी केली, ती आजही वापरली जाते. पहिलं टोक ट्युबरक्युलॉइड, दुसरं लेप्रोमॅटस.

ट्युबरक्युलॉइड चट्ट्याचा काप पाहिला तर फेस नाही. तिथे एकमेकींना चिकटून बसलेल्या, लांबट, गुलाबी एपिथेलॉइड पेशी आहेत, काही पेशी एकत्र मिसळून अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी झालेल्या आहेत आणि भोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं दाट कडं आहे. या एपिथेलॉइड पेशी म्हणजेही मोनोसाइटपासून झालेल्या महाभक्षक पेशीच. उगम तोच, पण त्यांनी जिवाणू मारून टाकले आहेत.

मोनोसाइट कुठल्या वाटेने जाणार, हे तिला ऊतीत उतरल्यावर मिळणाऱ्या रासायनिक निरोपांवर ठरतं. २००९ मध्ये रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने निरोगी माणसांच्या रक्तातले मोनोसाइट घेऊन हे काचेच्या बशीत करून दाखवलं. इंटरल्युकिन-१५ हे निरोप देणारं प्रथिन दिलं तर पेशी ड जीवनसत्त्वावर चालणारी यंत्रणा सुरू करते आणि जिवाणू मारणारी प्रथिनं बनवते. इंटरल्युकिन-१० दिलं तर पेशी भराभर गिळू लागते, मेदही आत घेते, पण मारत नाही. रुग्णांच्या कातडीतही नेमकं हेच विभाजन सापडलं: पहिली घडण ट्युबरक्युलॉइड चट्ट्यांत, दुसरी लेप्रोमॅटस गाठींत. २०२१ मध्ये एकेका पेशीतली जनुकं स्वतंत्रपणे वाचण्याच्या तंत्राने लेप्रोमॅटस गाठींमधल्या महाभक्षक पेशी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यावर ट्रेम-२ नावाचा, मेद ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) ठळकपणे दिसला. हाच ग्राहक हृदयाच्या धमन्यांत साचणाऱ्या मेदाळ थरातल्या फेसाळ पेशींवरही असतो. म्हणजे फेसाळ होणं ही जिवाणूने शोधलेली युक्ती नाही. महाभक्षक पेशीकडे ती वाट आधीपासून आहे. जिवाणू तिला त्या वाटेला लावतो आणि तिथेच ठेवतो.

प्रत्येक शरीर हे निरोप वेगळे देतं. ९५ टक्क्यांहून जास्त माणसांमध्ये ते इतके चोख असतात की संसर्ग झाला तरी आजार होतच नाही.

दुसरं कूळ: नसेतली पेशी

इथपर्यंत गोष्ट एका कुळाची झाली. कुष्ठरोग इतर जिवाणूजन्य आजारांहून वेगळा ठरतो तो दुसऱ्या कुळामुळे. नसांच्या आत शिरून राहणं हे या जिवाणूचं खास वैशिष्ट्य आहे.

आपल्या हातापायांच्या नसांमध्ये मज्जातंतूंना लपेटून बसणाऱ्या श्वॉन पेशी असतात. काही श्वॉन पेशी एकाच जाड तंतूभोवती मेदाचे अनेक वेढे घालतात. काही पेशी असे वेढे घालत नाहीत. त्या अनेक बारीक तंतूंना आपल्या घड्यांमध्ये नुसत्या सांभाळतात. वेदना आणि ऊन-थंड यांची जाणीव नेणारे तंतू बहुतेक या बारीक गटातले. जिवाणूचा कल या दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडे जास्त असतो, म्हणूनच चट्ट्यावर सर्वांत आधी जाते ती ऊन-थंड कळण्याची जाणीव.

तो इथे शिरतो कसा, हे १९९० च्या दशकाच्या शेवटी अनुरा रामबुक्काना आणि सहकाऱ्यांनी उलगडलं. श्वॉन पेशींभोवती एक पातळ आवरण असतं आणि त्यात लॅमिनिन-२ नावाचं प्रथिन असतं. नसेतल्या लॅमिनिनची घडण शरीरातल्या बहुतेक ठिकाणच्या लॅमिनिनहून वेगळी आहे. जिवाणूचा फेनॉलिक ग्लायकोलिपिड-१ त्याच्या टोकाच्या तीन शर्करांसह नेमका या प्रथिनाला चिकटतो, आणि ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या डिस्ट्रोग्लायकन या दुसऱ्या प्रथिनाला जोडलेलं असल्याने जिवाणूला दारच मिळतं.

उगमाच्या दृष्टीने इथे लक्षात घ्यावं असं काही आहे. श्वॉन पेशी आणि महाभक्षक पेशी यांचा गर्भातला वंश पूर्ण वेगळा. महाभक्षक पेशी रक्त बनवणाऱ्या वंशातली. श्वॉन पेशी गर्भाच्या मज्जानलिकेच्या कडेवरून निघालेल्या चेताशिखेच्या पेशींपासून झालेली. दोघी आजारात जवळजवळ सारख्याच फेसाळ दिसू शकतात. म्हणून नसेच्या कापातल्या एखाद्या फुगलेल्या, जिवाणूंनी भरलेल्या पेशीकडे नुसतं पाहून तिचं कूळ सांगता येत नाही. त्यासाठी पेशीवरच्या प्रथिनांच्या खुणा तपासाव्या लागतात.

२०१३ मध्ये रामबुक्काना यांच्याच गटाने, तेव्हा ते एडिनबरा विद्यापीठात होते, एक चकित करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या प्रौढ श्वॉन पेशींना जिवाणूंची बाधा करून त्यांनी त्या बराच काळ वाढवल्या. पेशींनी श्वॉन पेशी म्हणून असलेली ओळख टाकली. त्या ओळखीची किल्ली असलेलं सॉक्स-१० हे प्रथिन केंद्रकातून नाहीसं झालं, गर्भावस्थेतली जनुकं पुन्हा जागी झाली आणि पेशी मूलपेशींसारखी झाली. ती हलू लागली, स्नायूपेशीत रूपांतरित होऊ लागली, आणि जाताना पोटातले जिवाणू सोबत घेऊन गेली. तिने महाभक्षक पेशींना बोलावून त्यांच्याकडे जिवाणू सुपूर्दही केले. प्रौढ, स्थिर पेशीला जिवाणू इतकं मागे, तिच्या बालपणात नेऊ शकतो, हे तोवर कोणी दाखवलं नव्हतं.

हे उंदराच्या पेशींवरचं काम आहे. माणसाच्या नसेत हेच, इतक्याच प्रमाणात घडतं असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि काही लिखाणात ते घडतंच असं जे ठासून सांगितलं जातं ते घाईचं आहे. पण कातडीत जिवाणू दिसण्याआधी ते नसेत का असतात आणि तिथून स्नायूपर्यंत कसे पोचतात, याला हा प्रयोग एक सुसंगत उत्तर देतो.

२०१७ मध्ये दुसऱ्या बाजूने धक्का बसला. क्रेसिडा मॅडिगन, ललिता रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी झेब्राफिश या माशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांत जिवाणू टोचले आणि जिवंत नसेत काय होतं ते थेट पाहिलं. जिवाणू गिळलेल्या महाभक्षक पेशी मज्जातंतूंना लगटून फिरत होत्या आणि जिथे त्या लगटल्या तिथे तंतूंवरचं मेदाचं वेष्टन सुजून सुटत होतं. कारण होतं नायट्रिक ऑक्साइड. जिवाणू मारण्यासाठी महाभक्षक पेशी तो वायू सोडतात, आणि तोच तंतूंमधल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांना मारत होता. फेनॉलिक ग्लायकोलिपिड-१ नसलेल्या दुसऱ्या जिवाणूला तो मेद बनवायला लावल्यावर त्यानेही तेच केलं. रक्ताच्या कुळातली पेशी, बचावासाठी आलेली, नसेच्या कुळाचं नुकसान करत होती.

उपचार चालू असताना पेशी काय करतात

रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन या तीन औषधांची एकत्र योजना (एमडीटी) जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. आता ती कमी जिवाणूंच्या प्रकारात ६ महिने, जास्त जिवाणूंच्या प्रकारात १२ महिने देतात. औषध जगभर मोफत मिळतं आणि पहिल्या काही मात्रांतच रुग्णाकडून दुसऱ्याला आजार लागण्याची शक्यता जवळजवळ संपते. क्लोफॅझिमिन मेदात विरघळतं आणि महाभक्षक पेशींमध्येच साठतं, त्यामुळे कातडी काही काळ लालसर-काळपट होते. औषध बंद झाल्यावर हा रंग हळूहळू उतरतो. रुग्णांनी रंगाला घाबरून गोळ्या सोडू नयेत, म्हणून हे आधीच सांगायला हवं.

जिवाणू मरतात, पण फेसाळ पेशींना मेलेले जिवाणूही लवकर पचवता येत नाहीत. मेणचट कवचं वर्षानुवर्षं पडून राहतात. उपचार पूर्ण झाल्यावर काचपट्टीवर लाल काड्या दिसल्या तर औषध लागू पडलं नाही असा अर्थ लगेच काढायचा नसतो. काड्या सलग, एकसारख्या रंगलेल्या आहेत की तुकड्या-तुकड्यांच्या, ठिपकेदार आहेत ते पाहतात. तुकडे झालेले जिवाणू मेलेले असतात. काचपट्टीवरच्या जिवाणूंच्या संख्येला ० ते ६ असा अंक देतात; या मोजपट्टीवरचा आकडा दरवर्षी साधारण एका अंकाच्या आसपास उतरतो. ६ वरून ० वर यायला कित्येक वर्षं लागू शकतात, आणि त्या काळात माणूस बरा झालेलाच असतो.

एक धोका मात्र याच काळात असतो. जिवाणू मरू लागले की रासायनिक निरोप बदलतात आणि आजवर थंड असलेल्या पेशी अचानक दुसऱ्या वाटेला वळतात. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखू लागते, एका-दोन दिवसांत हाताची पकड जाऊ शकते किंवा पाऊल उचलत नाही. याला रिव्हर्सल रिअॅक्शन म्हणतात. गोळ्यांनी आजार वाढला असं समजून याच वेळी अनेक जण उपचार सोडतात, आणि कायमचं अपंगत्व येतं ते इथे. एमडीटीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या असतात, जोडीला प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने द्यावं लागतं. कोपराच्या मागची अल्नर नस, गुडघ्याखालच्या बाहेरच्या बाजूची पेरोनिअल नस आणि घोट्याच्या आतल्या बाजूची टिबिअल नस बोटाखाली जाड लागते का, हे तपासणारे प्रत्येक भेटीत चाचपतात. बॉलपेनचं टोक तळहातावर आणि तळपायावर हलकेच टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगतात. जाणीव किंवा ताकद सहा महिन्यांच्या आत गेलेली असेल तर उपचाराने ती परत येण्याची बरीच शक्यता असते. त्यानंतर तंतूंच्या जागी व्रणाची ऊती भरत जाते.